कातळाचा वाटा

वेखंडे सर कौतुक असं करायचे की ऐकणाऱ्याला तोंड लपवावंसं वाटे. मुरबाडकडच्या आमच्या शाळेत ते भूमिती आणि भूगोल शिकवत, मी मराठी. पुठ्ठ्याचा एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवायचा, कोपऱ्याला कोपरा जुळला की दोन्ही सारखे. एखाद्याचा जुळला नाही तर म्हणत, "वा, तुझा त्रिकोण स्वतंत्र विचाराचा हाय."

भूगोलाच्या तासाला खिडकीतून सिद्धगडाकडे बोट. "लाव्ह्याचा एक थर, त्यावर दुसरा. खालचा आधीचा. वर बसला म्हणून कोणी थोरला होत नाय. हेडमास्तरांनापण सांगा."

अशा विद्वानाने शेणवे या आपल्या गावातल्या घरच्या जमिनीचे वाटे पाडले. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, ही घरची रीत. सरांनी दोन्ही तुकड्यांचे पुठ्ठे कापून एकावर एक ठेवले. तंतोतंत जुळले. धाकटा भाऊ काशिनाथ याने पुठ्ठ्यांकडे ढुंकूनही न बघता ओहोळाकडचा, खोल मातीचा तुकडा उचलला. सरांना उरली वीतभर माती आणि खाली कातळ. एवढी बिनचूक भूमिती आम्ही पाहिली नव्हती. शाळेत पोट धरून हसलो.

सरांच्या घरी कोणी हसत नव्हतं. निवृत्तीनंतरचं भात त्याच शेतात पिकायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "कातळावर काय लावू? तुमचे त्रिकोण?" आणि दिराशी बोलणं टाकलं.

मी सरांना विचारलं, "खाली कातळ आहे हे ठाऊक नव्हतं?"

"भूगोल काय तुमी शिकवता?" मग आवाज उतरवून म्हणाले, "मी कॉलेजात गेलो तवा नांगर त्याने धरला. त्याच्यावर उभा हाय मी. सरळ दिली असती चांगली जमीन, तर घेतली नसती त्याने."

मराठीच्या मास्तराच्या पोटात अशी गोष्ट किती दिवस राहणार? काशिनाथच्या कानावर गेली. उन्हाळ्यात त्याने ओहोळातला गाळ ट्रॅक्टरने उपसून सरांच्या कातळावर पसरायला घेतला. सर तरातरा बांधावर गेले, मागे मी.

"कोणी सांगितलं रे तुला?"

काशिनाथने फावडं खाली ठेवलं नाही. "दादा, तू शिकावास म्हणून मी नांगर धरला. आणि तू शिकून मलाच फसवलंस?"

सर बांधावर बसले आणि रडले. मी आपला टोमण्याची वाट बघत उभा.

सर आता नाहीत. त्या कातळावर भात होतं, आणि लावणीच्या दिवसांत वहिनी दिराला न्याहारी नेऊन देतात.