मुखपृष्ठांचं ओझं

वहिनीला सेव्ह करायचा भारी नाद. एक शब्द लिहिला की सेव्ह, स्वल्पविराम दिला की सेव्ह. पहिल्या नोकरीत वीज गेली आणि अख्ख्या दिवसाचं टायपिंग पाण्यात गेलं, तेव्हापासून ही सवय जडलेली. सासरे चेष्टेनं म्हणायचे, "आमची सून घास गिळला तरी सेव्ह करते." ती हसायची आणि पुन्हा बटण दाबायची.

सासऱ्यांना सगळे खिळेआजोबा म्हणत. उभा जन्म छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवण्यात गेला, म्हणून हे नाव. उतारवयात डोळे दगा द्यायला लागले, तसे ते अंधांच्या वाचनालयात जाऊन बसले आणि उरल्यासुरल्या नजरेनं जुनी, ओल लागलेली पुस्तकं स्कॅन करत राहिले. आतली पानं एकवेळ फिकी चालतील, पण मुखपृष्ठ कसं, झक्क पाहिजे! एकेक चित्र एवढं मोठं स्कॅन करायचे की खुशाल भिंतीवर लावावं. लोक हसायचे, "आजोबा, आंधळ्यांना कसली चित्रं?" उत्तर ठरलेलं, "आंधळ्याच्या घरात डोळस माणसं नसतात काय रे?" शेवटचं पुस्तक हातावेगळं झालं आणि थोड्याच दिवसांत त्यांची नजर पार गेली. कागदी पुस्तकं तर स्कॅन झाली तशी रद्दीत गेली होती.

त्या पुस्तकांना नावं द्यायचं काम वहिनीकडे आलं. वाचनालयाचे अंध वाचक हातात मावेल अशा यंत्रावर पुस्तकं ऐकत. यंत्र आधी पुस्तकाचं नाव, लेखक आणि विषय बोलून दाखवतं. पण ही माहिती, म्हणजे मेटाडेटा, फाइलीत लिहिलेली असेल तरच. मागच्या खेपेला लिहून पुरं झालं नाही आणि यंत्रं तशीच घरोघर गेली. बटण दाबावं तर "नाव नाही, नाव नाही" एवढंच ऐकू येई. लोकांनी वैतागून यंत्रं परत धाडली. वाचनालयाच्या अध्यक्षबाईंनी मग तोंडावरच सांगितलं, "आज दुपारी यंत्रं न्यायला गाडी येईल, ही शेवटची संधी. पुन्हा असंच झालं तर योजना बंद, आणि ही स्कॅनची खोली दुसऱ्या कामाला."

आता खोली गेली तर खिळेआजोबांनी सकाळी उठून जायचं कुठं? घरात कोंडला तर हा माणूस बघता बघता संपेल, ही धास्ती वहिनीच्या पोटात होती.

आणि सॉफ्टवेअर? ते आपलं ढिम्म. नाव लिहून सेव्ह दाबावं की पडद्यावर चक्र फिरायला लागे. लेखक लिहावा, सेव्ह, की पुन्हा चक्र. "फिरतंय आपलं हे चक्र!" वहिनी करवादली. "पोरी, ते चक्र आहे की जातं?" शेजारच्या खुर्चीवरून आजोबांनी विचारलं. वहिनीला हसू आलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचीही तिची छाती होईना.

अशात एक पुस्तक बटण दाबताच सेव्ह झालं. तिला वाटलं, झालं, आता हेही बिघडलं. बंद करून पुन्हा उघडलं, तर नाव जागच्या जागी! पुढचं घेतलं, तर पुन्हा जातं सुरू. मग त्या एकातच असं काय निराळं होतं? तिनं नीट पाहिलं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं, ते स्कॅनच्या आधीच कुठंतरी फाटून गेलं होतं.

तिला सगळा उलगडा झाला. हे खुळं सॉफ्टवेअर एक नाव बदललं तरी अख्खं मुखपृष्ठ फाइलीत नव्यानं लिहीत बसत होतं. त्यावर हिचा सेव्हचा नाद! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तिनं सेटिंग चाळून काढली. चित्राला हात न लावता नुसतं नाव लिही, असं सांगायची सोय कुठंच नव्हती. चित्रं लहान करायला वेळ नव्हता, दुसरीकडे ठेवायला डिस्कमध्ये जागा नव्हती. सगळी एका फटक्यात काढून टाकता मात्र येत होती.

"अण्णा," ती म्हणाली.

"बोल की."

तिनं सांगितलं.

"चित्रं ठेवली तर?" आजोबांनी विचारलं.

"निम्मी पुस्तकंसुद्धा व्हायची नाहीत."

आजोबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "छापखान्यात मजकूर मावेना की मालक म्हणायचा, चित्र उडव. दर वेळी भांडलो मी. एकदा नोकरी जायची वेळ आली होती." मग म्हणाले, "काढ. फक्त कुठलं कुठलं गेलं ते मला ऐकवू नकोस."

वहिनीनं डोळे पुसले आणि चित्रं काढली. मग कामाला जुंपली. नाव, लेखक, विषय, सगळं लिहायचं आणि मग एकदाच सेव्ह. हात सवयीनं मध्येच बटणाकडे जाई, की आजोबा तिच्या मनगटावर टपली मारत, "थांब, लेखक राहिला!" त्यांना दिसत नव्हतं, पण किती वेळा टकटक झाली ते कान बरोबर टिपत होते. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न मारला. तेवढ्यात दिवा गेला, पंखा थांबला, आणि टेबलाखालची संगणकाची बॅटरी केकाटायला लागली. वहिनीनं लिहायचं थांबवलं.

"बॅटरी आहे ना? मग लिही!" आजोबा ओरडले. उभ्या आयुष्यात ते सुनेवर ओरडले नव्हते. बॅटरीचं रडगाणं चालू होतं आणि ती लिहीत होती. वीज परत आली तेव्हा शेवटचं पुस्तक सेव्ह होऊन गेलं होतं.

यंत्रं भरली. तपासायला टेलिफोनबाई बसल्या. जन्मापासून अंध, पूर्वी टेलिफोन ऑफिसात होत्या, कान असा की मुंगीची चाहूल लागावी. त्यांनी बटण दाबलं. यंत्र नाव बोललं, लेखक बोललं, विषय बोललं. पुढचं बोललं, त्याच्या पुढचंही. दारात उभ्या असलेल्या अध्यक्षबाईंनी मान डोलावली. "चालू राहू दे खोली," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

टेलिफोनबाईंनी आणखी एकदा बटण दाबलं. नाव ऐकताच आजोबा हळूच पुटपुटले, "पिवळी भिंत. तिला टेकवलेली सायकल. मागच्या चाकात हवा नाही."

"काय म्हणालात?"

"काही नाही हो. मुखपृष्ठ. होतं त्याला."

टेलिफोनबाईंचं बोट बटणावरच थांबलं. "इतकी वर्षं पुस्तकं ऐकतेय," त्या म्हणाल्या, "पण बाहेरून पुस्तक कसं दिसतं, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही. आणि या पुढच्यावर?"

"पाठमोरी बाई. हातात कंदील. उजवा कोपरा उंदरानं खाल्लेला."

वहिनीनं सायकलवालं पुस्तक उघडलं. विषयाच्या खाली, यंत्र वाचून दाखवील असा, माहितीचा रकाना रिकामाच होता. पिवळी भिंत, सायकल, हवा गेलेलं चाक, सगळं तिनं त्यात लिहिलं आणि बटण दाबलं. चक्र फिरलंच नाही.

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

"थांब रे बाबा जरा!" वहिनी खिडकीतून ओरडली. "अण्णा, कंदील कसला होता? पेटलेला?"

"पेटलेला," आजोबा म्हणाले. "लिही."