अनीसचा दुभाष्या

आमच्या फटाक्यांच्या शेडमध्ये मोबाईल नेत नाहीत. फाटकाजवळच्या टोपलीत मोबाईल ठेवायचा, चपला काढायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. शेडकडे पळत किंवा ओरडत तर कुणीच यायचं नाही. आत दारू भरत बसलेला माणूस दचकला तर काय होईल, हे तेरखेड्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. त्यामुळं अनीस गेल्याची बातमी माझ्याकडे सावकाश चालत आली. बायको फाटकातून आली, हातानंच मला बाहेर बोलावलं, ओढ्यापर्यंत नेलं आणि मग म्हणाली, "उमरग्याहून भाभींचा फोन होता. अनीसभाई गेले... दुकान उघडता उघडता छातीत कळ आली म्हणे." मी तिच्यावरच खेकसलो, "कुणी सांगितलं तुला?" जणू तिनंच काही केलं होतं! मग गाडी काढली. आमचं गाव जिल्ह्याच्या या टोकाला, उमरगा त्या टोकाला. येडशी, तुळजापूर, नळदुर्ग... कसा पोचलो ते आठवत नाही. मातीला पोचलो, एवढंच.

पण हा रडका लेख नाही. अनीसवर कुणी रडका लेख लिहिला तर त्याच्याशी मी भांडेन. हा माणूस उत्साहानं इतका फसफसायचा, की त्याच्याशी बोलून झाल्यावर मलाच दम लागायचा.

आम्ही धाराशिवला एका खोलीत राहून शिकलो. म्हणजे तो शिकला. मी नापास होऊन अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, धंद्यात आलो. अनीस मूळचा मुरुमचा. घरी दखनी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड. पुढं उमरग्यात स्टँडजवळ त्यानं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ट्रक वजन करायच्या काट्यांचे प्रोग्रॅम लिहायला लागला. एकदा आमच्याकडे जत्रेला आला. अण्णा वात पेटवून पळताना त्याला दिसले आणि त्याचं जेवणच राहिलं. "बाळ्या, ह्ये बटणावर आणू," म्हणाला. आणलंसुद्धा! एक लाकडी पेटी केली, तिच्यातून प्रत्येक फटाक्याला वेगळी वायर काढली आणि पेटी कॉम्प्युटरला जोडली. कीबोर्डवर अनीसनं बटण दाबलं की बार उडायचा.

अण्णांना यंत्राचा भरवसा नव्हता. त्यांनी एकेक अट घातली आणि अनीसनं ती प्रोग्रॅममध्ये बसवली. एक बार उडाल्यावर दुसऱ्याला थोडा अवकाश द्यायचा. जो उडाला नाही त्याच्या वायरीत पुन्हा वीज सोडायची नाही, मी जाऊन बघेपर्यंत ती बंदच. सगळ्यात मोठी अट म्हणजे हात. पेटीला एक खटका आहे. माझा हात त्याच्यावर दाबलेला असेल तरच काही उडणार. हात उचलला की सगळं ठप्प. अण्णा गेले, कॉम्प्युटरची कंपनीही कुणाला आठवेना, पण तो प्रोग्रॅम चालतच राहिला. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो.

मग शेजारच्या गावच्या जत्रा कमिटीचा निरोप आला. पंच म्हणाले, "बाळासाहेब, मोबाईलवर बघतो की आमी. बाहेर गाण्याच्या तालावर दारू उडवतेत. तुमची आपली एकामागं एक. यंदा तालावर जमत आसंल तर सांगा, न्हायतर पुण्याची पार्टी येतीया." ती जत्रेची आतषबाजी अण्णांनी सुरू केलेली. ती हातची गेली असती तर तेरखेड्यात मान वर करून चालणं मुश्किल झालं असतं. मी तणतणतच अनीसला फोन लावला. तो शांतपणे ऐकून घेईल असं वाटलं होतं, तर हा पलीकडून ओरडला, "गाणं कशाला रे? गाणं आधीच ठरलेलं आसतंय. हलगी लाव! जित्ती हलगी! दगडूमामा वाजवतील तशी आग नाचली पायजे!"

चारच दिवसांत तो नवाकोरा लॅपटॉप घेऊन तेरखेड्यात हजर. कुठल्यातरी हुशार लोकांनी एक लायब्ररी लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, तर तयार कोड. आपल्या प्रोग्रॅमनं तिला हाक मारायची आणि तिच्याकडून काम करून घ्यायचं. ही लायब्ररी आवाज ऐकून ठेका ओळखायची. "नुसता ओळखत न्हाय बाळ्या, फुडचा ठेका कुठं पडणार ते सांगतीया!" हे तो मला इतक्या वेळा सांगत होता, की शेवटी मी जेवायला बस म्हणून दम दिला. अडचण एकच होती. ही नवी बाई म्हाताऱ्याच्या कॉम्प्युटरवर पाय ठेवायला तयार नव्हती. तिला जागा जास्त लागायची, तिची हाक मारायची पद्धत वेगळी आणि तिचं उत्तर म्हाताऱ्याच्या डोक्यावरून जायचं. अनीसला धीर कुठला! त्यानं म्हाताऱ्याला बाजूला सारून लॅपटॉप सरळ पेटीलाच जोडला.

आमच्याकडे पहिली चाचणी नेहमी बल्बवर होते. फटाक्याच्या जागी प्रत्येक वायरीला एक छोटा बल्ब. दिवस मावळायला आला होता. हलगीवाले दगडूमामा ओढ्याच्या पलीकडे उसाचं पाचट पेटवून हलगी शेकत बसले होते, कारण कातडं तापून ताणल्याशिवाय हलगी बोलत नाही. शेकता शेकता मामांनी हलगीवर दोन-चार टिचक्या मारून बघितल्या, सगळे हलगीवाले मारतात तशा. माईक त्यांच्याजवळच ठेवलेला. तेवढ्यात रानातले सगळे बल्ब भसाभस लागले! अजून कुणी 'सुरू' म्हटलं नव्हतं. माझा हात खटक्यापासून लांब होता, हातात चहाचा कप होता.

 बल्बांच्या जागी माल असता तर? मी कप आपटला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. अनीस मात्र रानात नाचत होता. "ऐकतंय रे! मामांची टिचकी ऐकतंय!" मामा हातात हलगी धरून घाबरून विचारत होते, "म्या काय केलं? म्या तर वाजीवलं बी न्हाय." मी म्हटलं, "अन्या, माझ्या हाताबिगर एक ठिणगी जरी उडाली तर ह्यो लॅपटॉप ओढ्यात टाकीन." तो नाचायचा थांबला. लॅपटॉपची वायर पेटीतून उपसली आणि म्हणाला, "हौ यार. अण्णांच्या समद्या अटी म्हाताऱ्याच्या पोटात हायत. त्याला इचारल्याबिगर काय बी व्हायला नको."

म्हाताऱ्याला नव्यानं लिहून काढ, असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर एक वेळ समजलं असतं. मीच सांगितलं! तो म्हणाला, "त्येच्यातली येकेक ओळ भ्यायल्यावर लिव्हलेली हाय. दुसऱ्यांदा लिव्हताना तेवढं भ्या वाटंल का मला?" 

मग त्यानं जे केलं त्याला तो दुभाष्या म्हणायचा. मुरुमच्या बाजारात सीमेपलीकडून येणाऱ्या कुणाकुणाला मराठी यायचं नाही आणि लांबून आलेल्या व्यापाऱ्याला कन्नड कळायचं नाही. शाळकरी अनीस मधे उभा राहायचा. शेतकरी हातवारे करत बराच वेळ बोलायचा. घरचं, शेतातलं, बैलाचं. अनीस व्यापाऱ्याला एवढंच सांगायचा, "नको म्हणतोय." तसाच हा दुभाष्या. लॅपटॉपवर नवी लायब्ररी भरभरून बोलणार. मधला छोटा प्रोग्रॅम त्यातलं कामापुरतं घेणार आणि एका वायरीतून म्हाताऱ्याला कळेल एवढंच सांगणार. तेही कसं, तर कीबोर्डवरचं बटण दाबल्यासारखं! म्हाताऱ्याला पत्ताच नाही की बाहेर जग बदललंय. तो आपला जुन्या शिस्तीनं आधी खटक्यावर हात आहे का बघणार, वायर बरी आहे का बघणार आणि मगच वीज सोडणार. म्हाताऱ्याचं एक अक्षर बदललं नाही त्यानं.

आणि त्या जत्रेत काय झालं म्हणता! आकाशात फुटणाऱ्या गोळ्याला वर जायला वेळ लागतो, म्हणून ठेक्याला आम्ही जमिनीवरून उसळणारे ठिणग्यांचे फवारे लावले होते. दगडूमामांनी हलगी घुमवली आणि फवारे तिच्याबरोबर उठायला लागले. मामांना आधी विश्वास बसेना. त्यांनी मुद्दाम लय वाढवली, फवारे धावले. लय तोडली, फवारे थबकले! मग मामा असे काही पेटले की विचारू नका. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली, पंचांचा फेटा कुठल्या कुठे. माझा हात खटक्यावर आणि डोळ्यांत पाणी, पुसायचं कसं? मी ओरडलो, "अन्या, बघ!" पण अनीस स्क्रीनमध्ये तोंड घालून बसला होता. त्यानं एकही फवारा बघितला नाही.

"फुडल्या जत्रेला मी लोकांत बसणार," तो परतताना म्हणाला. "रुखसानाला आणतो. भेळ खात बघतो. तू एकटा चालवायचं." मी म्हटलं, मला कुठं येतंय? "येईल. त्येची सोय करतो." त्यानंतर वर्षभर फोनवर तो काहीतरी सोय करत असल्याचं सांगायचा आणि स्वतःशीच हसायचा. दिवाळीनंतर येऊन त्यानं खटक्यापासून एक जादा वायर लॅपटॉपलाही जोडली आणि लॅपटॉप माझ्याकडेच ठेवला.

त्याच्या मातीनंतर पंच घरी आले. "आवघड हाय आता, बाळासाहेब. बाहेरच्या पार्टीला बोलावू का?" त्यांचंही बरोबर होतं, पण माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आतषबाजी होणार आन् हलगीवरच होणार." बोललो खरा, पण लॅपटॉप उघडायचो आणि तसाच मिटायचो. काही अडलं की तो इंग्रजीत लाल अक्षरं दाखवायचा आणि अनीस ती वाचून शिव्या द्यायचा, इतकंच मला माहीत होतं. अनीस लोकांत बसणार होता ती जत्रा... ती मी बिघडवली तर?

गेल्या आठवड्यात ती जत्रा झाली. दुपारी बल्बवर चाचणीला बसलो. लॅपटॉप सुरू केला. लाल अक्षरं आली. पण मराठीत होती.

"बाळ्या, हलगी ऐकू येत न्हाय. माईकची पिन नीट बसव. न्हाय बसली, मला म्हाईत हाय."

पिन खरंच बसली नव्हती. बसवली. मामांनी हलगी शेकता शेकता टिचकी मारली, तर एकही बल्ब लागला नाही. स्क्रीनवर आलं, "ह्यो ठेका न्हाय, मामा हलगी तपासतेत. दम धर." मामांना वाचून दाखवलं, तर ते हसत हसत खालीच बसले, आणि मग बराच वेळ उठले नाहीत. मी खटक्यावरून हात काढून डोळे पुसले. लगेच, "हात कुठाय? च्याला गेला काय?"

संध्याकाळी सगळं रान पेटून नाचलं. गेल्या वर्षीपेक्षा जोरात! रुखसानाभाभी नवऱ्यामागं चार महिने पाळायच्या इद्दतीत असल्यामुळं त्यांचं घराबाहेर पडणं नव्हतं. बायकोनं त्यांना फोन लावून तो हलगीच्या दिशेनं धरला. शेवटी भाभी म्हणाल्या, "सुनी भाई, पूरी सुनी. उनो लोकां में बैठे रहते आज."

म्हाताऱ्याला आणि पेटीला आता घरी आणून ठेवलंय. पुढच्या जत्रेपर्यंत काम नाही. तरी काल शेडमधून आलो, हातपाय धुतले, लॅपटॉप उघडला, माईक लावला आणि पिन मुद्दाम उपसली.

"बाळ्या, हलगी ऐकू येत न्हाय. माईकची पिन नीट बसव..."

"बसवतो की रे," मी म्हणालो. आणि लगेच बसवली नाही.