लढाईवरचं पत्र वाचता येईपर्यंत

पेन्शनीत निघालेले आम्ही चार मास्तर एकत्र बसलो, की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. माझे बहुतेक मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावचे. लढाईचा काळ, शाळा मारुतीच्या देवळात आणि मास्तर मी एकटाच!

*

पटावर नाव घालायचं तर जन्मतारीख हवी. एका बाईंना मुलाची विचारली. त्या म्हणाल्या, "आमची म्हस याली, त्याच्या दुसऱ्या दिशी." म्हैस कधी व्याली, ते त्यांना आठवेना. मी आपली सगळ्यांसारखी एक जून लिहिली. माझ्या पहिलीच्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी!

*

पोरी धाकट्या भावंडांना काखोटीला मारूनच शाळेत यायच्या. मी हरकत घेत नसे, नाहीतर त्याही घरीच राहिल्या असत्या. एकदा तपासणीला डेप्युटी साहेब आले. पटापेक्षा पोरं जास्त कशी, म्हणून दरडावू लागले.

"साहेब, ही पुढच्या सालची भरती," मी म्हणालो. साहेब हसले, तेवढ्यात भरतीतल्या एकानं त्यांच्या बुटावर शू केली.

*

भातलावणीत वर्ग ओस पडायचा. एका वर्षी मीच शिवारात गेलो आणि बांधावरून पोरांना पाढे विचारू लागलो. एक म्हातारा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, उतरा की खाली. चिखलात काय पाढं इसरत्यात व्हय?" मग काय, धोतर खोचलं आणि वाकून बाराचा पाढा म्हटला. पाठ चार दिवस धरली, पण पोरांचा बारा पक्का झाला.

*

हौसा ही माझी सगळ्यात हुशार पोर. बाप पलटणीत, इटलीकडे. घरात कारभार आजोबांचा, राऊआण्णांचा. मुलाची पत्रं माझ्याकडून वाचून घ्यावी लागतात, घरातलं सगळं मास्तरला कळतं, हे आण्णांना खुपायचं. म्हणून त्यांनी नातीला शाळेत घातलं, पण एका बोलीवर. बापाचं पत्र वाचता आलं, की शाळा बंद. मग तिनं शेरडं राखायची.

हौसा दुसरीत असताना पत्र आलं. आण्णा तिला घेऊन देवळात आले. मागे दाराशी पदर ओढून हौसाची आई.

"वाच," आण्णा म्हणाले. मागच्याच आठवड्यात पोरीनं तिसरीचं पुस्तक माझ्यापुढं घडाघडा वाचलं होतं.

हौसा पहिल्याच ओळीवर अडखळली. दुसऱ्या ओळीत चुकली. तिसऱ्या ओळीवर थांबलीच.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि म्हणालो, "कच्ची आहे. अजून दोन वर्षं तरी लागतील." खोटं बोलून इतकं बरं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

"ऱ्हाऊ दे मग शाळंत," आण्णा कुरकुरले. "आता तुमीच वाचा." मी पत्र वाचून दाखवलं. मुलगा खुशाल आहे हे ऐकून आण्णा पायऱ्या उतरून गेले.

हौसाची आई बिचारी लांब उभी होती. तिला नीट ऐकू आलं नसेल म्हणून विचारलं, पुन्हा वाचू का?

तिनं पत्र घेतलं आणि घडी करून कनवटीला खोचलं.

"नगं, गुरुजी. सकाळीच चुलीम्होरं दोनदा वाचून घेतलंया तिच्याकडनं."