लहानूचं वाकडं बोट

मोडेन पण वाकणार नाही, असं लोक छाती काढून सांगतात. लहानूच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मोडलंही होतं आणि वाकलंही होतं, आणि त्याला त्याचा केवढा अभिमान!

परवा वडपे गावच्या गोदामाचं शटर नेमकं त्याच बोटावर आलं. वॉचमनची ड्युटी अर्ध्यात टाकून तो घरी आला, तेव्हा मुलानं, रवींद्रनं, रिक्षा बोलावली आणि त्याला भिवंडीत हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. बायको शांताबाईही निघाली. तिला हल्ली फार कमी दिसतं, पण म्हणून घरी बसेल तर ती शांताबाई कसली.

डॉक्टर तरुण होते. एक्स-रे बघून म्हणाले, "काका, नवी चीर बारीक आहे. पण जुनं हाड कुणी बसवलं? पार वाकडं जुळलंय."

लहानूला राग आला. वाकडं जुळलं नव्हतं, जुळवलं होतं.

अडतीस वर्षांपूर्वी कापडाच्या कारखान्यात चालत्या लूमचा धोटा, आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, उडून बोटावर बसला, तेव्हा तो दिघाशीच्या काळूरामकडे गेला होता. काळूराम हाडं बसवायचा. त्यानं आधी विचारलं, "या बोटानं काम काय करतोस रं?"

"धागा तुटला की गाठ मारतो."

काळूरामनं त्याला डाव्या हातानं गाठीची नक्कल करायला लावली, बोट कसं वाकतं ते बघितलं आणि उजवं बोट त्याच बाकात बसवून बांबूच्या कामट्या बांधल्या. "सरळ बसवलं तर दिसंल छान, पर ताठ ऱ्हाईल. मंग खाशील काय?"

पुढे लहानूच्या गाठी बघायला शेजारच्या लूमवरचे कारागीर यायचे. "लहानूभाई, उंगली है या हुक?" म्हणून चिडवायचे. काय दिवस होते ते! आता ते लूम भंगारात गेले, आणि गोदामातली शांतता लहानूला खायला उठते.

"ऑपरेशन करून तार घातली तर बोट सरळ होईल," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर आहे तसंच बांधतो."

"सरळच करा," रवींद्र म्हणाला. "बाबा, आता कुठे गाठी मारायच्यात?"

डॉक्टर लहानूकडे वळले. "काका, या बोटानं काम काय करता?"

तोच प्रश्न. लहानूनं मनात खूप शोधलं. शिट्टी डाव्या हातात, टॉर्चही डाव्यातच. डॉक्टरपुढे खोटं बोलणं काही त्याला जमेना.

"आता काय न्हाय," तो म्हणाला.

"हाय की," बाकड्यावरून शांताबाई म्हणाली. "कामट्या सोडल्या त्या दिवशी आमी वडप्याला हायवे वलांडत व्हतो. ट्रकांना भ्यायले मी. हात धरायची लाज वाटायची, म्हणून यांच्या बोटात बोट अडकवलं. तवापासनं तसाच रस्ता वलांडते. आता दिसत न्हाय, पर त्या बाकात बोट बसलं का कळतं, हेच हायेत."

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती.

रवींद्रनं ऑपरेशनचं नाव पुन्हा काढलं नाही. डॉक्टरांनी बोटाला बांधायची ॲल्युमिनियमची पट्टी उचलली आणि ते शांताबाईसमोर येऊन बसले.

"काकू, बाक केवढा लागतो ते दाखवा."

शांताबाईनं आपलं बोट पुढे केलं, आणि डॉक्टर त्याच्या मापानं पट्टी वाकवू लागले.