रविकांतची हजाराची सरासरी

रविकांत देवस्थळी हा प्राणी मला पहिल्यांदा भेटला तो माझ्या मुलाच्या, मोहनच्या घरी. सूनबाईनं केलेल्या श्रीखंडाची वाटी त्यानं हातात घेतली, चमचा उचलला आणि तो तसाच हवेत धरून मला म्हणाला, "काका, १९८२ साली एक गडी एकाच दिवशी दोन शहरांत दोन वेगवेगळ्या संघांकडून खेळला, माहितीये तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही बुवा."

तिथंच फसलो. "माहितीये" म्हणालो असतो तर सुखानं जेवलो असतो. दुपारी तो गडी शिकागोत फटका मारतो काय, सामना चालू असतानाच मालक त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकतो काय, तो विमान पकडून फिलाडेल्फियाला जातो काय आणि रात्री नव्या संघाकडून पुन्हा फटका मारतो काय! पुऱ्या गार झाल्या, तरी गडी अजून विमानातच.

ही सगळी बेसबॉलची पुराणं. इथं हॉलंडात त्या खेळाला हॉन्कबल म्हणतात. आपल्या पोरांना क्रिकेटचं वेड असतं, ते समजतं. चिंचवडच्या पोरानं रॉटरडॅमच्या बंदरातल्या कंटेनरांचं सॉफ्टवेअर लिहायला यावं आणि अमेरिकेतल्या मेलेल्या गड्यांचे विक्रम पाठ करावेत, हे कुठलं वेड? पण तोंड सुटलं की थांबायचं नाव नाही. एका फलंदाजानं मारलेला चेंडू एका प्रेक्षक बाईच्या नाकावर बसला, तिला स्ट्रेचरवरून नेत होते, तेवढ्यात त्याच गड्याचा दुसरा चेंडू पुन्हा त्याच बाईला लागला. खरं आहे म्हणे, १९५७ सालचं. एका गड्याला "बदल्यात कोण ते नंतर सांगू" म्हणून दुसऱ्या संघाला दिला आणि नंतर बदल्यात त्यालाच परत पाठवला. हे मला पटलं. आमच्या म्हसवडच्या बाजारात खोंडांचे असे व्यवहार मी डोळ्यांनी पाहिलेत. पण तिथं त्याला कुणी विक्रम म्हणत नव्हतं. फसवणूक म्हणायचे आणि काठ्या काढायचे.

तर असा हा रविकांत. राहायला आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, स्खीडाममध्ये. बायको आसावरी डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत नोकरीला, बोलायला कमी आणि बोलली की मिरची. मुलगी ईशानी, सोळा वर्षांची, तिथल्याच क्लबात मुलींचा सॉफ्टबॉल खेळायची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत नाही तर डचमध्ये. मुलीला सोडायला-आणायला जाता जाता बापही क्लबाचा सभासद झाला आणि इथून त्याच्या कर्तबगारीला सुरुवात झाली.

कर्तबगारी ऐका. क्लबाचा चौथा संघ, म्हणजे ज्यांची पोटं पट्ट्याबाहेर आलीत अशा बाप्यांचा संघ, रविवारी दुपारी खेळतो. तीन वर्षांपूर्वी एका सामन्यात त्यांनी रविकांतला शेवटी शेवटी बॅट देऊन उभा केला. यानं डोळे मिटून बॅट फिरवली, चेंडू कुठंतरी कडेला लागला आणि पुढच्या गड्यांच्या डोक्यावरून जाऊन मागच्या गड्यांच्या अलीकडे, जिथं कुणीच नव्हतं तिथं पडला. रविकांत पहिल्या बेसवर पोचला. बेशक फटका.

या खेळात जितक्या वेळा प्रयत्न केला त्यातले किती फटके लागले, यावर गड्याची किंमत ठरते. दहांत तीन लागले तर सरासरी तीनशे, आणि तीनशेवाला म्हणजे मोठा वस्ताद. रविकांतचा प्रयत्न एक, फटका एक. सरासरी हजार! ह्याच्या वर आकडाच नाही.

दुसऱ्या रविवारी कोच हेंकनं बोलावलं. हा म्हणाला, गुडघा दुखतोय. तिसऱ्या रविवारी पाहुणे आले. चौथ्या रविवारी मला सगळा उलगडा झाला, कारण तो आमच्या सोफ्यावर बसून सांगत होता, "काका, १९६३ साली अठरा वर्षांचा एक मुलगा पहिलाच सामना खेळला. तीन प्रयत्न, तीन फटके. नंतर मोठ्या संघात परत कधी खेळलाच नाही. आजही पुस्तकात त्याची सरासरी हजार आहे. कायमची!"

"का नाही खेळला परत?" मी विचारलं.

"पाठ गेली त्याची. ऑपरेशन झालं."

"आणि तुझी पाठ?"

"माझी काय? उत्तम आहे."

आता याला काय म्हणावं! त्या बिचाऱ्या पोराची पाठ मोडली म्हणून तो थांबला. ह्याची पाठ मांडवाच्या खांबासारखी सरळ, आणि हा हजार धरून घरी बसला. दहावीला गणितात दीडशेपैकी दीडशे मिळाले होते, ते हा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी अजून सांगतो. पैकीच्या पैकी मिळाले की पेपर परत द्यायचा नाही, हा ह्याच्या रक्तातला धर्म. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागरीला कुणी ओळख विचारली की, "मी डच लीगमध्ये हॉन्कबल खेळलोय. सरासरी हजार." ऐकणाऱ्या बाया "अय्या!" म्हणत, आणि आसावरी दुधाच्या पातेल्यात बघत राही.

आमच्या गावात गणपा लोखंड्याचा बैल एकदा शर्यतीत पहिला आला. गणपानं पुन्हा त्याला पळवला नाही. हरला तर? रोज पेंड, रोज अंघोळ, कपाळाला गुलाल. दोन वर्षांत बैल म्हशीएवढा झाला आणि गोठ्याच्या दारातून बाहेर निघेना. शेवटी चौकट काढावी लागली. रविकांतकडे बघितलं की मला ती चौकट दिसायची.

गेल्या सप्टेंबरात मोसमाचा शेवटचा सामना होता. मी मोहनच्या मागे लागून गेलो होतो, कारण त्या क्लबाच्या कँटीनमधली कॉफी बरी असते आणि बाप्ये धावताना बघायला मला आवडतं. धावफलकाच्या मेजाशी छत्रीखाली ईशानी बसली होती. क्लबात प्रत्येकाला काहीतरी काम करावं लागतं. ती नोंदी ठेवायची परीक्षा पास झाली होती आणि कुठला चेंडू फलंदाजाचा फटका, कुठला पकडणाऱ्याची चूक, हे तीच ठरवून लिहायची. रविकांत नव्याकोऱ्या गणवेशात माझ्या शेजारी बाकावर. गणवेश घालायला त्याची हरकत नसे.

हेंक आला, चेहरा पडलेला. एक गडी सुट्टीवर, एकाचा घोटा मुरगळलेला, एक न सांगता गायब. आठच उरले. नऊ नसतील तर सामना न खेळताच हरला, आणि हरले की संघ खालच्या गटात. त्यानं रविकांतकडे पाहिलं.

"गुडघा," रविकांत म्हणाला.

ईशानीनं मेजावरून मान वर केली. "बाबा, यू सायकल्ड हिअर. ओव्हर द ब्रिज, अपहिल."

"चढावर गुडघा दुखत नाही. उभं राहिलं की दुखतो."

"मग उभेच राहू नका, पळा," आसावरी मागच्या बाकावरून म्हणाली. "जा हो. त्या माणसाचं तोंड बघा कसं झालंय."

गेला. फाशीला जातात तसा गेला. पण जाताना त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, आणि ते काय होतं ते मला थोड्याच वेळात कळलं. गडी सगळे कायदे पाठ करून बसलेला! चार चेंडू टप्प्याबाहेर पडले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो आणि तो प्रयत्न धरत नाहीत. चेंडू अंगावर बसला तरी बेस फुकट, प्रयत्न नाही. आणि स्वतः बाद होऊन पुढच्या बेसवरच्या सोबत्याला पुढं सरकवलं, तर त्याला म्हणतात त्यागाचा फटका. तोही प्रयत्न धरत नाहीत. म्हणजे दिवसभर खेळूनही हजाराला धक्का न लावता घरी जाता येतं.

पहिल्या पाळीला हा इतका वाकून उभा राहिला की मला वाटलं, काही सांडलंय ते शोधतोय. टप्पा म्हणजे छाती ते गुडघा. ह्यानं छाती गुडघ्यालाच नेऊन टेकवली. गोलंदाज वैतागला, चार चेंडू डोक्यावरून गेले. रविकांत पहिल्या बेसवर. ईशानीकडे बघून हात हलवला. तिनं हलवला नाही.

दुसऱ्या पाळीला बेसवर सोबती होता. ह्यानं बॅट आडवी धरली, चेंडू पायाशी पाडला, स्वतः बाद झाला, सोबती पुढं गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याग केला म्हणून! स्वतःची कातडी वाचवायला केलेल्या कामाला त्याग म्हणायची पद्धत फक्त राजकारणात आहे असं मी समजत होतो.

तिसऱ्या पाळीला चेंडू जरा आत आला आणि ह्यानं मागं सरकल्यासारखं करून कुल्ला पुढं केला. फाट! पंचानं डोळे बारीक केले, पण बेस दिला. कुल्ला चोळत, हसत हसत हा गेला. इतक्या आनंदानं मार खाल्लेला माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि आमचे मास्तर रोज छडी चालवायचे.

मग आली शेवटची पाळी. आमचा संघ एका धावेनं मागं, दोन गडी बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आपले दोघे उभे, आणि फलंदाज कोण? देवस्थळी! दोन बाद झाल्यावर त्यागाला काही अर्थ नसतो. समोर नवा गोलंदाज, गोल चष्म्याचा, संथ टाकणारा, पण सुतासारखा सरळ. ह्यानं वाकून बघितलं. चेंडू टप्प्यात. एक. कुल्ला पुढं केला, चेंडू तिथपर्यंत आलाच नाही. टप्प्यात. दोन. आता तिसरा सोडला तर बाद, आणि ते बाद प्रयत्नात धरणार. मारला आणि चुकला तरी तेच. पळायला वाट नाही.

"मारा!" आसावरी ओरडली. "एकदा तरी मारा हो!"

त्यानं मारलं. फटका कसला, कपडे बडवताना धोपाटणं निसटावं तसा आवाज झाला. चेंडू सरपटत, रमतगमत दुसऱ्या बेसच्या गड्याकडे गेला. गडी वाकला, हात लावला आणि चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून पलीकडे. आपले दोघेही शेवटच्या बेसवर, म्हणजे ह्या खेळाच्या भाषेत 'घरी', पोचले. दोन धावा. रविकांत पहिल्या बेसवर पालथा. जिंकलो!

हेंक नाचायला लागला. त्या सगळ्या पोटांनी मिळून रविकांतला उचलला. आणि हा? खांद्यावरून हातपाय झाडतोय, "खाली ठेवा, खाली ठेवा!" उतरला तो थेट छत्रीखाली.

"ईशू, काय लिहिलंस?"

"एरर. सेकंड बेस."

"फटका होता तो!"

"नो, बाबा."

"अगं, अवघड उडी घेतली चेंडूनं. खड्डा आहे तिथं. तू बघ जाऊन."

"नो बाउन्स. थ्रू हिज लेग्ज."

चूक लिहिली की प्रयत्न धरणार आणि फटका नाही. दोनांत एक. हजाराचे पाचशे. मागं बाप्ये बिअरचे ग्लास घेऊन ह्याच्या नावानं ओरडतायत आणि हा मुलीसमोर हात जोडून उभा. हेंक आला, म्हणाला, पोरीनं लिहिलंय ते बरोबर आहे, आणि तू आम्हाला जिंकवलंस, चल प्यायला. रविकांतनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग तो माझ्याकडे वळला.

"काका, तुम्ही पाहिलंत ना? सांगा हिला. फटका होता ना?"

मी म्हटलं, "रविकांत, त्या गड्याच्या पायांमधून गणपाचा बैल गेला असता रे."

"बापाची गोष्ट आहे, ईशू," तो हळू आवाजात म्हणाला. "एक अक्षर बदल फक्त."

पोरीचे डोळे भरले. पण पेन हललं नाही. "बाबा, तू जिंकलास ना," ती म्हणाली, आणि हे मराठीत म्हणाली. "त्याच्यासाठी मी खोटं का लिहू?"

"घरी चला आता," आसावरी म्हणाली. "हजाराला काय चटणी लावून खाणार होतात?"

घरी गेला. आठवडाभर मुलीशी बोलला नाही, असं आसावरीनं सांगितलं. जेवताना मीठ मागायचं झालं तरी बायकोमार्फत. आमच्याकडेही फिरकला नाही. मोहन म्हणाला, बाबा, तुम्ही जरा जास्तच बोललात. असेल. पण शनिवारी संध्याकाळी आमच्या सोफ्यावर शांतता होती, आणि ती मला बरी वाटली, हे लपवून काय करायचं?

पुढच्या रविवारी क्लबात मैत्रीचा सामना होता, हरण्याजिंकण्याचं काही नाही, पण नोंदी त्याच वहीत चढायच्या. आमच्या बाजूला अकरा जण जमले होते. कुणालाही रविकांतची गरज नव्हती. तरी तो गणवेश घालून आला. हेंकजवळ गेला, काहीतरी बोलला. हेंकनं खांदे उडवले आणि बॅट त्याच्या हातात दिली.

ह्या वेळी तो वाकला नाही. ताठ उभा राहिला. पहिला चेंडू, बॅट फिरली, हवा. दुसरा, हवा. तिसऱ्याला तर इतक्या जोरात फिरवली की स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसला. चेंडूला बॅटचा वारासुद्धा लागला नव्हता. तिनांत एक. पाचशेचेही तीनशे तेहतीस झाले आणि ते आणखी कुठं जाणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. ह्या माणसाला फलंदाजी येत नाही. कधी येत नव्हती.

ईशानीनं नोंद केली. रविकांत उठला, पँटची माती झटकली, मेजाजवळ आला आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"माझी पुढची पाळी कधी येणार गं?"