राबबंदीचा व्हिडिओ

पडद्यावर माझी आई होती. डोक्यावर ऐनाच्या झाडाच्या टहाळांचा भारा, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मागे शेतात पेटवलेल्या राबाचा धूर. धुराभोवती लाल गोल काढला होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘स्थानिक उत्सर्जनाचा स्रोत’.

मोखाड्यात तालुक्याच्या हवामान आराखड्याची बैठक होती. वीज गेलेली. बाहेर डिझेलचा जनरेटर धडधडत होता, त्याच्यावर प्रोजेक्टर चालला होता. त्या धुराभोवती कुणी गोल काढला नव्हता.

मुंबईहून आलेल्या सल्लागार मॅडम म्हणाल्या, “आम्ही एसी लावला की पापी. आणि या बायका डोंगरच्या डोंगर जाळतात, ती परंपरा.”

सगळे हसले. विस्तार अधिकारी म्हणाले, “मॅडम, हे आमचं चालतंफिरतं धुराडं.”

पुन्हा हसू.

मी या आराखड्याच्या कामावर नोकरीला होते. चित्रं पुढे सरकवायचं काम माझं होतं. बोट बटणावर होतं. ते हललं नाही. तोंडातून शब्दही निघाला नाही. सरकारी योजनेतून मला लहानपणीच दूरच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे घरची भाषा तोंडातून निसटली की वर्गासमोर उभं करायचे. गप्प राहणं मी तिथे शिकले. चांगलंच शिकले.

“तू इथलीच ना?” मॅडमनी विचारलं. “वाटत नाहीस हं. किती स्वच्छ बोलतेस.”

भाताचं, नाचणीचं रोप जिथे करायचं त्या जागेवर उन्हाळ्यात पाला, टहाळ, शेण पसरून जाळतात. तण मरतं, राख मिळते, रोप जोमानं येतं. हाच राब. आराखड्यात पहिलाच उपाय होता, राबबंदी. त्याला लोकांची संमती हवी होती, आणि मॅडमच्या मते संमती व्हिडिओवर चांगली दिसते. दुसऱ्या दिवशी आमच्याच पाड्यावर जायचं. बायकांनी कॅमेऱ्यासमोर एक वाक्य म्हणायचं. ते मी म्हणवून घ्यायचं, त्यांच्या बोलीत. आता घरची भाषा चालणार होती.

समाजमंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या. मॅडमनी आईला लगेच ओळखलं. माझी आई म्हणून नाही, फोटोतली बाई म्हणून.

“हिला पुढे घ्या. चेहरा खरा वाटतो.”

आई पुढे आली. पदर नीट केला आणि माझ्याकडे बघितलं. “काय म्हनाचं तं सांग बाय. तू सांगशील तसा म्हनीन.”

वाक्य पाठ होतं मला. आम्ही आमच्या मर्जीनं राब बंद करतो. एवढंच. आईनं ते म्हटलं असतं. अर्थ न विचारता, मी सांगितलं म्हणून. आणि पुढच्या उन्हाळ्यात तिनं राब पेटवला असता, तर तिचाच व्हिडिओ तिला दाखवून अडवलं असतं. इंग्रजी त्यांच्याकडे भरपूर होतं. त्यांना आईचा माझ्यावरचा विश्वास हवा होता.

मी आईसमोर खाली बसले. आमच्या बोलीत सांगितलं. हे राब बंद करा म्हणतात. तू हो म्हटलंस तर ते पक्कं धरतील. मग राब पेटवलास तर तुला अडवतील. बदल्यात काय देणार, मला माहीत नाही. मला कुणी सांगितलेलं नाही.

आईनं मागे वळून बायकांकडे बघितलं. मागून काकी म्हणाली, “मंग रोप कठं टाकाचा? यांचे गाडीत?”

बायका हसल्या. या वेळी त्या हसल्या.

“काय म्हणतायत त्या?” मॅडमनी विचारलं.

“राब नाही तर रोप कशावर करायचं, विचारतायत.”

“ते नंतर बघू गं. आधी शॉट घेऊ, ऊन उतरतंय.”

“नाही.”

मी मॅडमकडे वळले. “आधी उत्तर द्या. आणि ही माझी आई आहे. काल जो फोटो दाखवलात, तो काढताना तिला विचारलं होतं?”

विस्तार अधिकारी जवळ आले. हळू आवाजात, काळजी असल्यासारखे म्हणाले, “पोरी, नोकरी करायचीय ना तुला?”

मी उठले. आई आणि कॅमेरा यांच्या मधे उभी राहिले. कॅमेरा बंद होईपर्यंत हलले नाही.

नोकरी गेली. आराखडा आहे. तो परत येईल, ग्रामसभेत, दुसऱ्या कुणाला तरी बोलायला घेऊन.

राबाला दुसरा मार्ग निघूच नये असं मी म्हणत नाही. हवा बिघडलीय हे आम्हाला पडद्यावर दाखवायला नको. पाऊस दडी मारतो तेव्हा रोप आमचं करपतं. पण मार्ग ठरेल तो या बायकांना बसवून, त्यांना प्रत्येक ओळ कळल्यावर. म्हणून मी आता पाड्यापाड्यावर जाते आणि आराखडा वाचून दाखवते. एक वाक्य नाही, सगळा. कारखान्यांची पानं, गाड्यांची पानं, कुणाला किती सूट मिळाली ती पानं. बायका मधेच थांबवतात, प्रश्न विचारतात. ज्याचं उत्तर मला येत नाही तो प्रश्न आम्ही ग्रामसभेसाठी ठेवतो.

साहेब, मॅडम, ग्रामसभेच्या दिवशी उत्तरं घेऊन या. नसतील तर आमचं ‘नाही’ लिहून घ्या, आणि तेवढंच लिहा.