मनात आलं की

रंभाबाईच्या केसांना दुसऱ्याचा हात लागून वर्षं लोटली होती. एकुलता एक बाळू कामासाठी पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. खुशालीसुद्धा कळवली नाही त्या बहाद्दरानं. ही सोलापुरात मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, एकटीपुरती भाकरी थापायची आणि बोलायला माणूस नाही म्हणून चुलीशी बोलायची.

शहात्तर साली मेंदूच्या डॉक्टरांचा कंपाउंडर सिद्धप्पा तिच्या गल्लीत माणसं शोधत आला. बोट हलायच्या किती आधी मेंदू जागा होतो, हे डॉक्टर वेणीमाधवांना तपासायचं होतं. त्यासाठी धडधाकट माणसं हवी होती. शेजारणी म्हणाल्या, शॉक देतात. रंभाबाई तरीही गेली. सिद्धप्पानं केस बाजूला सारून सारून लेपानं डोक्याला तारा चिकटवल्या, तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले. जमलं तर दर सुट्टीला बोलावणार, हे ऐकून तर ती हरखलीच.

"मनात आलं की बोट उचला, बस्स," डॉक्टर म्हणाले.

यंत्राच्या लेखण्या कागदावर धावू लागल्या. रंभाबाईचं बोट उठलं, टेकलं, लगेच पुन्हा उठलं.

"अहो, जरा थांबून थांबून! मध्ये शांतता नसेल तर मेंदू जागा कधी झाला, ते कसं कळणार?"

"थांबून थांबून यायला त्यो काय पावना हाय व्हय?"

"कोण?"

"माजा बाळू की. तुमीच म्हनला न्हवं, मनात आला की बोट उचल?"

सिद्धप्पाला हसू फुटलं. डॉक्टर वाईट नव्हते, पण कागद वाया चालला होता. "मुलाला जरा बाजूला ठेवा. आपल्या मर्जीनं उचला. नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल."

आपल्या मर्जीनं! आधी सासूची मर्जी, मग नवऱ्याची, मग कारखान्याच्या भोंग्याची. स्वतःची कधी कुणी विचारली होती? पण पुढच्या सुट्टीला केसांना पुन्हा हात लागायला हवा होता. म्हणून तिनं डोळे मिटले आणि पोटच्या पोराला मनाबाहेर काढलं. मग वाट बघत बसली. कागद सरकत राहिला. बोट काही हलेना.

शेवटी डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. सिद्धप्पानं तारा काढून ओल्या फडक्यानं लेप पुसला.

"फुडच्या सुट्टीला येऊ न्हवं?" तिनं विचारलं.

"कळवतो," डॉक्टर म्हणाले.

जाताना बाळूही हेच म्हणाला होता.

घरी येऊन ती कुलूप काढू लागली, तर बोट पुन्हा हलायला लागलं. आता ते टिपायला कुणी नव्हतं.